घराच्या नकाशात सूर्य कुठे आहे?

२०१९ मध्ये सोलापुरात आम्ही घर बांधलं. अब्बांच्या निवृत्तीचे पैसे आणि वर बँकेचं कर्ज. नकाशावर महिनाभर चर्चा चालली. संडासाचं तोंड किब्ल्याकडे येऊ नये, बैठकीची खोली रस्त्याकडे हवी, समोर गाडी मावली पाहिजे. ऊन कुठून येतं, हे मात्र कोणी विचारलं नाही. मीही नाही. आणि दिवसातले सहा तास स्वयंपाकघरात काढणाऱ्या अम्मीलाही कोणी विचारलं नाही.

स्वयंपाकघर पश्चिमेला गेलं. पुढच्या वर्षी रमजान एप्रिल-मेमध्ये आला. दुपारभर तापलेल्या भिंतीला लागूनच गॅसची शेगडी. अम्मी रोजा ठेवून तिथे इफ्तारची तयारी करायची. आधी कूलर घेतला, नंतर एसी. विजेचं बिल वाढतच गेलं.

मग छतावर सौर पॅनेल बसवायचं ठरवलं. २०२४ पासून केंद्राची ‘पीएम सूर्य घर’ योजना आहे. २ किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३० हजार रुपये अनुदान मिळतं आणि ३ किलोवॉट बसवले तर एकूण ७८ हजार. आम्हाला ३ हवे होते. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. पाहणीला आलेल्या कारागिराने गच्चीवर चक्कर मारली आणि मान हलवली. पाण्याची टाकी नैऋत्येला, जिन्याची खोली दक्षिणेला. दुपारनंतर दोन्हींची सावली नेमकी मोकळ्या जागेवर. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या पॅनेलची वीजही घटू शकते. शेवटी २ किलोवॉटवर समाधान मानलं. नकाशात टाकी उत्तरेला दाखवायला एक पैसाही जास्त लागला नसता.

खरं तर सूर्य आपल्याला परका नाही. सूर्य माथ्यावरून कलला की जोहर, सावली ठरावीक लांबीची झाली की असर. सावली पाहून नमाजची वेळ ठरवणारी परंपरा आपली, आणि आपण टाकीची सावली पाहत नाही! किब्ल्यासाठी मोबाईलमध्ये कंपास उघडतो, त्यातच दक्षिणही दिसते.

महाराष्ट्रात वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं. टाकी, जिना, उंच कठडा असं सावली पाडणारं सगळं शक्यतो उत्तरेकडे घ्यावं. कोकणातल्यासारखं उतरतं छप्पर असेल तर त्याचा मोठा उतार दक्षिणेला ठेवावा. वायरसाठीचा पाइप प्लास्टरच्या आधीच भिंतीत घालून घ्यावा, म्हणजे पॅनेल पाच वर्षांनी घेतले तरी तोडफोड होत नाही.

पण आधी घर कमी तापेल हे पाहावं, कारण वाचलेली वीज विकत घ्यावी लागत नाही. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली पश्चिमेला घ्या. त्या भिंती ऊन झेलतील. मोठ्या खिडक्या उत्तर-दक्षिण ठेवा. दक्षिणेचं ऊन उंचावरून येतं, त्याला साधा छज्जा अडवतो. पश्चिमेचं ऊन तिरपं असतं, तिथे छज्जा पुरत नाही. जाळी किंवा झाड लागतं.

कोणी म्हणेल, आमचा प्लॉट ६०० चौरस फुटांचा, दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती, आम्ही दिशा कुठून निवडणार? बरोबर आहे. आपल्या बहुतेक मोहल्ल्यांची हीच गत आहे. प्लॉटची दिशा आपल्या हातात नसते. पण टाकी कुठे आणि चूल कुठे, एवढं तरी हातात असतं. जागा जितकी कमी, तितकी चूक महाग पडते.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात शिकलेली पहिली पिढी तुम्हीच आहात. घर बांधायला निघाल्यावर वडीलधारे कागदपत्रं आणि कर्ज बघतील. नकाशा तुम्ही हातात घ्या. तो मंजुरीला जाण्याआधी एक दिवस प्लॉटवर थांबा. सकाळी, दुपारी आणि असरच्या वेळी सावली कुठे पडते ते चुन्याने आखा. आणि सोबत अम्मीला, बहिणीला, बायकोला न्या. त्या घरात सगळ्यात जास्त वेळ त्याच राहणार आहेत.