माघारीला सौजन्य म्हणू नका

महाराष्ट्राच्या राजकारणातला सुसंस्कृतपणा गेला म्हणून हळहळणारी मंडळी दाखला म्हणून अंधेरी पूर्वची पोटनिवडणूक काढतात. आमदार रमेश लटके मे 2022 मध्ये वारले. शिवसेनेच्या ठाकरे गटाने त्यांच्या पत्नी ऋतुजा लटके यांना उभं केलं. राज ठाकरे यांनी देवेंद्र फडणवीसांना पत्र लिहिलं, शरद पवारांनी आवाहन केलं आणि 17 ऑक्टोबरला भाजपच्या मुरजी पटेलांनी अर्ज मागे घेतला. झालं, परंपरा वाचली!

कुठली परंपरा? त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोल्हापूर उत्तरला भाजप दिवंगत आमदाराच्या पत्नीविरुद्ध लढला होता. पुढच्या फेब्रुवारीत चिंचवडला महाविकास आघाडीने तेच केलं. सोय असेल तेव्हाच आठवते ती परंपरा कसली? शिवाय पालिकेत नोकरीला असलेल्या ऋतुजा लटकेंचा राजीनामा प्रशासनाकडे अडकला होता. तो सोडवायला त्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. सौजन्याचे गोडवे गाताना हे प्रकरण मात्र कुणी काढत नाही.

दिवंगताच्या पत्नीशी लढणं माणुसकीला धरून नाही, असं म्हणतात. सांत्वनाला जावं, गेलेल्या माणसाबद्दल प्रचारात वावगा शब्द काढू नये, कुटुंबाला ओढू नये. हे सगळं मान्य. पण मतदारसंघ काही वारसाहक्काने येणारा फ्लॅट नव्हे. प्रमुख पक्षांचा सामना टळला आणि मतदान 32 टक्क्यांपर्यंतही पोचलं नाही. लटकेंना 66,530 मतं पडली. दुसऱ्या क्रमांकावर 12,806 मतं घेऊन ‘नोटा’. ‘नोटा’साठी पैसे वाटले, असा आरोप ठाकरे गटाने केला. तो खरा धरला तरी घरी बसलेल्या दोन-तृतीयांश मतदारांना कुणी काय वाटलं होतं?

आमच्या सोसायट्यांतही हाच घोटाळा: वाद टाळला म्हणजे सभ्यता जपली. वार्षिक सभेत कुणी नगरसेवकाच्या निधीचा विषय काढला की सेक्रेटरी हात जोडतात, “राजकारण नको, काका.” काका गप्प बसतात आणि मग जिन्यात, पार्किंगमध्ये जे बोलतात ते सभेत बोलायच्या लायकीचं नसतं. तोंड दाबलं की भाषा सुधारते, हा समज कुठून आला कोण जाणे.

सभ्यता बघायची तर 1972 चा लाटणं मोर्चा बघा. गोरेगावच्या मृणाल गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी. दोघींचे पक्ष वेगळे, विचारही वेगळे. तरी महागाईविरुद्ध दोघी एकत्र रस्त्यावर उतरल्या, आणि त्यासाठी कुणी आपला झेंडा खाली ठेवला नाही. आपल्याकडे वादाची जुनी शिस्तही आहे: आधी पूर्वपक्ष नीट मांडायचा, समोरच्याने ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणावं इतका नीट, मग खोडायचा. आज सभेत, नाक्यावर, कुठेही एवढं पाळलं तरी निम्मी शिवीगाळ गळून पडेल, कारण शिवी बहुधा न ऐकलेल्या मुद्द्यालाच असते.

आणि अंधेरीत भांडायला विषय नव्हते असंही नाही. अंधेरी पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या गोखले पुलाचा भाग जुलै 2018 मध्येच रुळांवर कोसळला होता. निकाल लागला 6 नोव्हेंबर 2022 ला, आणि 7 तारखेला उरलेला पूल धोकादायक म्हणून बंद झाला. नव्या पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी 2024 मध्ये उघडली, तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळेना. उंचीत जवळजवळ पुरुषभर फरक. तोवर अंधेरी पूर्वचा माणूस पश्चिमेला जायला भलतीकडून वळसा घालत होता. पोटनिवडणुकीच्या त्या ऑक्टोबरात, हा पूल कुणामुळे रखडला यावर दोन्ही बाजूंनी एकमेकांना जाहीर सभेत धारेवर धरायला हवं होतं.