लाल बावटा न लावलेले जहाज : मुंबई गोदी स्फोट, १४ एप्रिल १९४४

१/
मुंबईच्या गोदीतील स्फोटाचा विषय निघाला की प्रथम सोन्याच्या विटांची गोष्ट सांगितली जाते : छप्पर फोडून घरात पडलेली वीट, अनेक दशकांनी गाळ उपसताना सापडलेली वीट. त्यानंतर येते अग्निशमन जवानांच्या हौतात्म्याची गोष्ट. दोन्ही खऱ्या आहेत. परंतु दोन्हींच्या आड तिसरी गोष्ट झाकली जाते. हा स्फोट टाळता येण्याजोगा होता.

२/
‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेड येथून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोने होते. कराचीत त्यावर कापसाच्या ८,७०० गाठी, वंगणतेल, लाकूड आणि गंधक चढवण्यात आले. कापूस खाली, स्फोटके वर. चूल रचणाऱ्यालाही सरपण याहून नेमके रचता आले नसते.

३/
१२ एप्रिलला जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. धोकादायक माल वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा, असा दंडक होता. बावटा लागला नाही. स्फोटके सर्वप्रथम उतरवणे आवश्यक होते. तेही घडले नाही. शेजारी इतर जहाजे उभी होती, धक्क्यावर हमालांची नित्याची वर्दळ होती.

४/
१४ एप्रिलच्या दुपारी २ च्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या कप्प्यात आग लक्षात आली. ९०० टनांहून अधिक पाणी आत ओतले गेले. आगीचे मूळ सापडेना, उलट पाणीच उकळू लागले. जहाज बुडवावे, बाहेर ओढून न्यावे की जागीच आग विझवावी, यावर एकमत होईना. अंतिम शब्द कोणाचा, हेच ठरलेले नव्हते.

५/
३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा आदेश निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावरही हादरा नोंदला गेला. ६६ अग्निशमन जवान मृत्यू पावले. सुमारे ८०,००० लोक बेघर झाले. एकूण मृतांचा आकडा मात्र आजही ८०० ते १,३०० असा अंदाजानेच सांगितला जातो. विटांचा हिशेब लागला, माणसांचा लागला नाही.

६/
आग आवरण्यास तीन दिवस लागले. त्यानंतर ८,००० माणसांनी सात महिने राबून सुमारे ५ लाख टन राडारोडा उपसला. गोदी पुन्हा उभी राहिली ती या हातांमुळे. सोन्याच्या प्रत्येक किश्शाला श्रोते मिळतात. या सात महिन्यांचा उल्लेख एका ओळीत संपतो.

७/
चौकशीत दोष नोंदवले गेले : दारूगोळ्याखाली कापूस भरणे, लाल बावटा न लावणे, स्फोटके उतरवण्यास विलंब, कप्प्यात वाफ सोडून आग कोंडण्याचा उपाय न योजणे आणि अग्निशमन दलास उशिरा कळवणे. या यादीत जवानांच्या शौर्याची उणीव कोठेही नाही. प्रत्येक चूक पहिला बंब पोहोचण्यापूर्वीची किंवा निर्णयाधिकार असलेल्यांची आहे.

८/
यावर ठरलेले उत्तर असे की, तो युद्धकाळ होता, बावटा लावला असता तर शत्रूला खूण मिळाली असती. पण दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील सायगाव नभोवाणीने स्फोटाचे सविस्तर वृत्त दिले. ब्रिटिशांनी वृत्तपत्रांवरील बंधन उठवले ते मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शत्रूला बातमी वेळेवर मिळाली. अंधारात राहिले ते धक्क्यावरील हमाल, शेजारची जहाजे आणि वृत्तपत्र उघडणारा नागरिक.

९/
युद्ध संपले, पण ही सवय संपली नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात आग विझवण्यास दहा जणांचे पथक धावले. गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षे पडून असल्याचे त्यांना सांगितलेच गेले नव्हते. दहाही जण गेले. तेथे कोणतेही महायुद्ध चालू नव्हते.

१०/
घातक पदार्थांच्या दुर्घटनेत पहिले हत्यार पाणी नसते, माहिती असते. काय जळते आहे हे कळल्यावाचून पाणी ओतावे, फेस मारावा की पळ काढावा, हे ठरवता येत नाही. रसायनांच्या टँकरवर आपत्कालीन माहितीचा फलक असतो तो याचसाठी. त्यावरील १२०३ हा क्रमांक पेट्रोलचा. हा फलक म्हणजे आजचा लाल बावटा. तो पुसट किंवा खोटा असेल, तर १९४४ चीच चूक रस्त्यावरून फिरत असते.

११/
दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, पुष्पचक्रे वाहिली जातात. ते योग्यच आहे. परंतु नुसत्या शौर्याचे गोडवे गाणे सोयीचे असते, कारण त्यात कोणालाच जाब द्यावा लागत नाही. त्या दिवशी ६६ जवानांना मानवंदना देताना चौकशीतील पाच दोषही मोठ्याने वाचले जावेत, आणि त्यांपैकी किती आजच्या बंदरांत, गोदामांत व कारखान्यांत शिल्लक आहेत, हे विचारले जावे.