सिझर झाले, डिस्चार्ज मिळाला. विश्रांती कोण देणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते २५.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे दर चार बाळंतपणांत एक सिझर. याच काळात देशभरात खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के होते. गरज नसताना सिझर होते का, यावर चर्चा झालीच पाहिजे. पण टाके घातल्यानंतर त्या आईचे पुढे काय होते, हा प्रश्न या चर्चेत मागे पडतो. आपल्या वस्त्यांतील कष्टकरी महिलांसाठी तो जगण्याचा प्रश्न आहे.

सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. बाहेरचे टाके सुकले तरी आतली जखम भरायला साधारण सहा आठवडे लागतात. या काळात पाण्याचा हंडा किंवा विटांची पाटी उचलणे धोक्याचे असते. ताप, जखमेतून पू येणे, जास्त रक्तस्राव, पायाला एका बाजूने सूज किंवा दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे.

सरकारी रुग्णालयात या काळासाठी हक्क आहेत. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझर, औषधे, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. नॉर्मल बाळंतपणात तीन दिवस आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंत मोफत जेवण, तसेच घरी सोडायला मोफत गाडी, ही तरतूदही आहे. घरी गेल्यावर आशाताईने ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी द्यायच्या असतात. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी कुटुंबे औषधासाठी आणि रिक्षासाठी उसने पैसे काढतात.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत. धुणीभांडी करणारी, ऊस तोडणारी, कचरा वेचणारी आई त्यात कुठे बसते? प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी त्यातून भरून निघत नाही. मग टाके ओले असतानाच बाई कामावर जाते.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका मांडली होती. या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, हेही त्यांनी सांगितले होते. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात कायदा झाला. जवळपास शंभर वर्षांनंतरही ही विश्रांती आई कुठे काम करते यावर ठरत असेल, तर ते काम अपुरेच राहिले आहे.

त्यामुळे असंघटित कामगार महिलांना, सिझर झाले असेल तर निदान सहा आठवड्यांच्या किमान वेतनाइतकी मदत सरकारने द्यावी, अशी आमची मागणी आहे. हे अशक्य नाही. राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असेल तर दोन अपत्यांपर्यंत नॉर्मल बाळंतपणासाठी १५,००० आणि सिझरसाठी २०,००० रुपये मिळण्याची योजना आहेच. जे नाक्यावरच्या कामगाराला मिळू शकते, ते घरकामगार ताईला का नाही?

मागणी मान्य होईपर्यंत आपणही हातावर हात ठेवून बसू नये. विहारातल्या महिला मंडळाने वस्तीतील गरोदर महिलांची यादी ठेवावी. सातव्या महिन्यातच बांधकाम नोंदणी, बँक खाते आणि कागदपत्रे पाहून घ्यावीत. सिझर झालेल्या घरी सहा आठवडे पाणी भरण्याची आणि डब्याची पाळी लावावी. नवऱ्यांनीही त्या पाळीत आपले नाव घालावे. करुणा वंदनेत रोज म्हटली जाते. ती बाळंतिणीच्या घरच्या हंड्यापर्यंत पोचली पाहिजे.