‘फकिरा’ वाचताना

अण्णाभाऊ साठे यांचे वाटेगाव आज सांगली जिल्ह्यात आहे. 1920 साली अण्णाभाऊ जन्मले तेव्हा हे गाव सातारा जिल्ह्यात होते. त्याच परिसरातल्या वारणा नदीकाठची ‘फकिरा’ ही कादंबरी 1959 साली आली आणि अण्णाभाऊंनी ती डॉ. आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा मांग तरुण तिचा नायक. हे दरोडेखोरीचे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप घेतला जातो. पण तो घेणाऱ्यांनी कादंबरीतला मांगांच्या सरकारी हजेरीचा भाग पुन्हा वाचावा. गुन्हा कुणी केला हा प्रश्नच तिथे नाही. मांग म्हणून जन्मलात, एवढ्यावर हजेरी द्यायची. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच पुरावा मानले, म्हणजे न्यायाच्या आधी पूर्वग्रहाचा निकाल लागला होता. कायदाच असा असेल, तर कायदा मोडणारा तेवढा गुन्हेगार कसा? दुसरा आक्षेप, ही एका जातीची कैफियत आहे. मग मांगांच्या पाठीशी उभे राहणारे विष्णुपंत कुलकर्णी आणि शंकरराव पाटील कादंबरीत कशाला आले असते? अण्णाभाऊंचा राग माणसांवर नाही, व्यवस्थेवर आहे. आणि मला ही या कादंबरीची सर्वांत मोठी ताकद वाटते. तो कायदा 1952 साली रद्द झाला. पण चोरी झाली की पोलीस आधी भटक्या जमातींच्या पालावर जातात, हे अजून थांबलेले नाही. म्हणून सातारा-सांगलीतल्या शिक्षकांना विनंती, यंदा वर्गात ‘फकिरा’ मोठ्याने वाचा.