ओझ्याची मर्यादा आणि युद्धाची सिद्धता

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणारा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या नियमांत पात्राच्या अंगावरील ओझे सोन्याच्या नाण्यांच्या वजनात मोजण्याची तरतूद होती. चिलखताचे वजन इतकी नाणी, तरवारीचे इतकी. आणि बेरीज ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की चाल मंदावणार. त्याच खेळात भुयारांतून बाहेर आणलेल्या सोन्यावर पात्राचा अनुभव, आणि म्हणून त्याची बढती, अवलंबून असे. ज्या द्रव्यासाठी प्राण पणाला लावून पाताळात उतरायचे, तेच द्रव्य परतीच्या वाटेवर पाय जड करणार आणि मागे राक्षस लागला असता काय टाकावे व काय राखावे हा प्रश्न उभा करणार, ही योजना मला या साऱ्या क्रीडाप्रकारातील सर्वांत बुद्धिमान योजना वाटते.

आता हे खेळ संगणकाच्या पडद्यावर आले आहेत, आणि आपल्याकडील तरुण मंडळीही त्यांत रात्री जागवतात. परंतु या खेळांतील सामानाची व्यवस्था, जिला खेळणारे ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात, ती आता सर्वत्र एक पीडा म्हणून गणली जाऊ लागली आहे. वजनाची अट काढून टाका, पिशवी अमर्याद करा, मग आम्हांला सुखाने लढू द्या, अशी मागणी खेळणारे करतात आणि निर्माते ती थोडीथोडी मान्यही करतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. शस्त्र उगारण्याचे कौशल्य बोटांचे असते. पण कोणते शस्त्र घेऊन निघावे हे ठरवण्याचे कौशल्य तारतम्याचे असते, आणि ज्या खेळात या दुसऱ्या कौशल्याला वाव उरत नाही त्यातली लढाईही लवकरच पोकळ होते.

आंद्झेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून त्याच देशातील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेने केलेली ‘द विचर’ ही खेळमाला या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. २०११ सालच्या दुसऱ्या भागात नायक गेराल्ट याला आपले काढे युद्धाच्या ऐन धुमाळीत पिता येत नसत. ध्यानस्थ बसून, म्हणजे युद्धापूर्वीच, ते प्यावे लागत. साहजिकच पुढे कोणता प्राणी भेटणार, तो विषारी की रक्तपिपासू, याची चौकशी आधी करणे भाग पडे. अनेकांना हा जाच वाटला, आणि २०१५ सालच्या तिसऱ्या भागात लढता लढता काढा पिण्याची मुभा मिळाली. एकदा सिद्ध केलेला काढा पुन्हा भरून घ्यायला केवळ ध्यान आणि थोडे मद्य पुरेसे झाले. या सवलतीने खेळ सुलभ झाला हे खरे, पण त्याचे गांभीर्य टिकले ते दुसऱ्या अटींमुळे. प्रत्येक काढ्यासरशी अंगात विष साचते, म्हणून एका वेळी मोजकेच काढे घेता येतात. प्रत्येक जातीच्या शत्रूसाठी पात्याला लावायचे तेल निराळे. राक्षसांसाठी चांदीची तरवार, माणसांसाठी पोलादाची. जो गावातील शेतकऱ्यांची हकीकत शांतपणे ऐकतो आणि प्राण्यांविषयीच्या नोंदी वाचतो, त्याचा अर्धा विजय जंगलात पाऊल टाकण्यापूर्वीच झालेला असतो.

याहून कठोर, आणि माझ्या मते याहून थोर, उदाहरण २०११ सालच्याच ‘डार्क सोल्स’ या जपानी खेळाचे. फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेने त्यात पिशवीला मर्यादा ठेवलीच नाही. मर्यादा घातली ती अंगावर चढवलेल्या सरंजामाला. शक्तीच्या चौथ्या हिश्शापर्यंत ओझे असेल तर योद्धा चपळाईने लोळण घेऊन वार चुकवतो. निम्म्यापर्यंत असेल तर मध्यम गतीने. निम्म्यापलीकडे गेले की तो धपकन पडतो आणि उठेपर्यंत घाव बसून जातो. म्हणजे जाड चिलखत हे संरक्षण आणि संकट दोन्ही आहे, आणि ढाल एका जातीची की दुसऱ्या जातीची या एका फरकाने योद्ध्याची सारी युद्धरीत पालटते. शिवाय सामानाची यादी उघडली तरी काळ थांबत नाही. औषधाचा घोट घ्यावा तर क्षणभर जागच्या जागी उभे राहावे लागते, आणि तो क्षण शत्रूला पुरतो. हे घोट सुरुवातीला पाचच असतात. अग्निकुंडाजवळ बसले की ते पुन्हा भरतात, पण त्याच क्षणी मारलेले बहुतेक शत्रूही पुन्हा जिवंत होतात. विश्रांतीची किंमत इतक्या चोख रीतीने वसूल करणारा दुसरा खेळ मला ठाऊक नाही. पुढच्या वाटेवर तीन घोट उरले असता परतावे की पुढे जावे, हा निर्णय तेथे प्रत्येकाला स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा लागतो, आणि म्हणूनच तेथील विजयाला मोल येते.

याउलट त्याच वर्षी आलेला बेथेस्डाचा ‘स्कायरिम’. निसर्गवैभवाने आणि विस्ताराने हा खेळ माझ्या अत्यंत आवडीचा आहे, परंतु सामानाच्या बाबतीत त्याने मर्यादा ठेवूनही तिचा अर्थ गमावला, असे मला खेदाने म्हणावे लागते. प्रारंभी ३०० इतके वजन वाहता येते, दमसास वाढवला की त्यात पाच-पाचची भर पडते, आणि सीमा ओलांडली की धावणे बंद व दूरच्या नगरास एकदम पोहोचण्याची सोयही बंद. येथवर ठीक. पण यादी उघडली की सारे जग स्तब्ध होते, आणि ड्रॅगनच्या जबड्यापुढे उभा असलेला वीर त्या स्तब्धतेत वाटेल तितक्या कुप्या रिचवून आणि चीजचे गड्डे खाऊन ताजातवाना होतो. मग तयारी करून निघावे कशाला? वजनाची अट उरते ती फक्त हेलपाटे घालण्यापुरती: ड्रॅगनची हाडे उचलायची, नगरात आणायची, व्यापाऱ्याजवळची रोकड संपली की दोन दिवस वाट पाहायची. हे ओझे विचार करायला लावत नाही, नुसते श्रमवते. आणि मर्यादेविरुद्ध जी तक्रार होते, तिच्यातील न्याय्य भाग या वेठबिगारीविरुद्धचा आहे, हे मी निःसंकोच मान्य करतो.

मर्यादा नसली की काय होते, याचा दाखला ‘फायनल फँटसी’ मालिकेतील ‘एलिक्झर’ नामक संजीवनी देते. ती सारी शक्ती भरून देते आणि सहसा दुकानात मिळत नाही. म्हणून खेळणारे ती मोठ्या संकटासाठी राखून ठेवतात, प्रत्येक संकट त्यांना त्याहून लहान वाटते, आणि अखेरचा शत्रू पडतो तेव्हा साऱ्या कुप्या भरलेल्याच असतात. सांठा म्हणजे सिद्धता नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त गडावरील दारूगोळा वरचेवर बाहेर काढून त्याला ऊन देण्याची ताकीद दिली आहे, ती याच जाणिवेतून, कोठारात पडून राहिलेली वस्तू हिशेबात दिसते, पण प्रसंगी कामास येईलच याची शाश्वती नसते.

२०२३ साली लॅरियन या बेल्जियन संस्थेने काढलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये या दोन्ही टोकांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. तेथे लढाई चालू नसताना कोणतीही वस्तू तत्क्षणी तळावर पाठवून देता येते, म्हणजे हेलपाटे वाचतात. परंतु रात्रीच्या विश्रांतीचा पूर्ण लाभ हवा असेल तर साधारण पातळीवर ४० मापे शिधा लागतो आणि कठीण पातळीवर त्याच्या दुप्पट. शिधा मुबलक मिळतो, त्यामुळे या अटीची धार बोथट आहे. तरी दिशा योग्य आहे. निर्मात्यांनी वाहतुकीची दगदग खुशाल काढून टाकावी, व्यापाऱ्याला पुरेशी रोकड द्यावी, वस्तू उचलण्यापूर्वीच तिने चालीवर काय परिणाम होईल ते दाखवावे. पण युद्ध सुरू झाल्यावर यादी उघडून काळ थांबवण्याची सोय मात्र काढून घ्यावी, आणि कमरेला लावता येतील त्या कुप्यांची संख्या इतकी अल्प ठेवावी की दरवाजा उघडण्यापूर्वी प्रत्येक कुपीचा विचार करावा लागेल.