घराजवळील झाडांचे शेंडे तोडू नका

मृगाचा पाऊस तोंडावर आला की गडहिंग्लज तालुक्यात घरोघरी कुऱ्हाडी निघतात. वादळात झाड कौलांवर पडेल ही भीती रास्त आहे. परंतु तीवर योजला जाणारा शेंडा तोडण्याचा उपाय आमच्या मते घातक आहे. शेंडा तोडलेल्या झाडास सालीलगत धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. त्यांचा सांधा खोल लाकडात रुजलेला नसतो. शिवाय उघड्या थोटात पाणी मुरून बुरशी शिरते व खोड आतून पोखरले जाते. काही वर्षांत धुमारे जड होऊन वाऱ्याने मोडतात. म्हणजे जे टाळावयाचे तेच ओढवते.

त्याऐवजी विरळणी करावी. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व छपरावर झुकलेल्या फांद्याच फाल्गुन-चैत्रातील कोरड्या दिवसांत काढाव्यात. आंबा-फणसाची मात्र फळे उतरल्यावर, पावसाची उघडीप पाहून. जाड फांदी खोडापासून वीतभर अंतरावर प्रथम खालून थोडी कापावी, मग किंचित पुढे वरून. म्हणजे साल सोलली जात नाही. उरलेले थोट काढताना खोडाशी असलेले फुगीर कडे राखावे. जखम तेथूनच भरते. कापावर मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर या प्रमाणातील बोर्डो पेस्ट लावावी.

शेवगा यास अपवाद. शेंगा संपल्यावर त्यास भरपूर छाटणी सोसते. निघालेला पाला जाळण्यापेक्षा खताच्या खड्ड्यात घालावा. वीजवाहिनीलगतच्या फांदीस कोणी स्वतः हात लावू नये. गावातील कार्यकर्त्यांनी वीज कार्यालयास आधी कळवावे.