अध्यक्षाची खुर्ची

वक्तृत्व मंडळाच्या सभेत कोण बोलणार, याची चर्चा आपण फार करतो. अध्यक्ष कोण, याची करीत नाही. ती खुर्ची शिक्षकांचीच, असे आम्हीही वर्षानुवर्षे गृहीत धरले. ती आमची चूक होती.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. बाबासाहेब उपस्थित होते. अध्यक्षस्थानी मात्र सुलोचनाबाई डोंगरे होत्या. बहुपत्नीत्वाविरुद्धचा व गिरणी कामगार स्त्रियांच्या रजेचा ठराव तेथेच संमत झाला. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्मरण करून दिले की, प्रस्ताव, गणपूर्ती, मतमोजणी हे सभेचे नियम भिक्खू संघ जाणत होता आणि पाळीत होता.

अध्यक्षपद म्हणजे हारतुरे नव्हेत. वेळ संपताच पाहुण्यांनाही थांबविणे, बुजऱ्या मुलाला बोलते करणे, न पटणारे मत पूर्ण ऐकून घेणे, ही ती शिस्त. ती पाहून येत नाही, करूनच येते. म्हणून आमचे स्पष्ट मत आहे : खुर्चीवर विद्यार्थिनीने बसावे, शिक्षकांनी शेवटच्या बाकावर. आणि बोलायचे झाल्यास हात वर करून तिची परवानगी घ्यावी.